उणे उत्तर खोडू नका

मैत्रिणींनो, या वेळी लोणच्याच्या बरण्या आणि कपाटातली कसर, दोन्हींना सुट्टी. आज जरा वेगळ्याच गोष्टीबद्दल लिहिते आहे. घरात दहावी झालेलं मूल असेल आणि त्याला इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला नाहीतर आयटीआयला घातलं असेल, तर कामं बाजूला ठेवून वाचा.

जूनपासून माझी भाची आमच्याकडे काष्टीला राहायला आली आहे. बहिणीचं गाव आडबाजूला, तिथून कॉलेजला जायची सोय नाही. इथून निदान बस मिळते, दौंडकडे जाणारी गाडी मिळते. पोरगी गुणी. पहाटे उठते, अंगण झाडते, डबा स्वतः भरून घेते. रात्री जेवणं झाली की वही घेऊन बसते ती बारापर्यंत. मला वाटायचं, काय अभ्यास करते ही! आणि पहिल्या चाचणीत सर्किटच्या विषयात वीसपैकी चार मार्क. दाजींनी फोनवर एवढंच सांगितलं, "एकही विषय मागं राहिला, तर पुढच्या वर्षीची फी मी भरणार नाही. घरी आणून ठेवतो." घरी आणून ठेवतो म्हणजे पुढे काय, ते तुम्हांला सांगायला नको.

त्या रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले. लग्नाआधी बी.एस्सी.ला मला फिजिक्स होतं. ते रुखवताबरोबर ट्रंकेत बांधून आलं आणि ट्रंकेतच राहिलं. तरी म्हटलं, बघू या काही आठवतं का. वही उघडली तर अक्षर मोत्यासारखं, एकेक गणित पूर्ण, खाली दुहेरी रेघ. मी म्हटलं, "हे तर सगळं बरोबर दिसतंय गं." तर म्हणाली, "मावशी, ते वरच्या वर्गातल्या ताईच्या वहीतलं आहे." प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली रीडिंगही मैत्रिणीची. मीटर एक आणि मुलं वीस, तेव्हा हिच्या हाताला तो लागलाच नव्हता.

तर बायांनो, बारापर्यंत चालायचं ते हे. उतरवणं. याला मी आळस म्हणणार नाही. आळशी मुलगी बारापर्यंत जागत नाही. उतरवताना प्रत्येक ओळ डोळ्यांखालून जाते, पटते, आणि आपल्याला आलं असं वाटतं. शेजारणीच्या हातची पुरणपोळी बघून आपल्याला जमेल असं वाटतं, तसंच. पोळी आपल्या तव्यावर फुटते तेव्हा कळतं.

मी वही मिटली आणि कोऱ्या कागदावर एक साधं गणित घातलं. बारा व्होल्टची बॅटरी. तिच्यापुढे चार ओहमचा एक रोध आणि त्याच्यापुढे दोन फाटे, एकात सहा ओहम आणि दुसऱ्यात तीन ओहम. करंट किती आणि कोणत्या फाट्यात जास्त? आधी आकडेमोड नको, नुसता अंदाज सांग म्हटलं. ती म्हणाली, "सहामध्ये जास्त. तो मोठा आहे ना."

इथेच सगळं अडलेलं होतं. रोध म्हणजे अडथळा, हे नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' या धड्यात ती मराठीतून शिकली होती. तिथे तिला उत्तम मार्क होते. पण कॉलेजात सगळं इंग्रजी नावांनी आलं, आणि 'रेझिस्टन्स' म्हणजे आपला तोच जुना रोध, हा सांधा तिच्या मनात जुळलाच नव्हता. रेझिस्टन्स हा तिच्या लेखी नुसता एक आकडा होता. म्हणून पहिलं काम आम्ही केलं ते हे, की वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. रोध म्हणजे रेझिस्टन्स, विभवांतर म्हणजे व्होल्टेज, धारा म्हणजे करंट, एकसर जोडणी म्हणजे सिरीज, समांतर म्हणजे पॅरलल. पंधरा-वीस शब्दांत काम भागलं. मराठी शाळेतून गेलेल्या मुलांच्या मातांनी एवढं तरी करून घ्याच.

मग आमच्याकडची भाषा काढली. घोडच्या कालव्याचं पाणी चारीला येतं, चारीचे दोन फाटे होतात. एका फाट्यात गवत माजलंय, दुसरा साफ आहे. पाणी कुठे जास्त जाईल? "साफ असलेल्यात," लगेच उत्तर आलं, शेतकऱ्याचीच लेक ती. मग तीन ओहमचा फाटा साफ आणि सहाचा गवताचा. आता आकडे घाल. सहा आणि तीन समांतर म्हणजे दोन ओहम, अलीकडचे चार मिळवले की सहा. बारा भागिले सहा, दोन अँपिअर. सहाच्या फाट्यात ०.६७, तीनच्या फाट्यात १.३३. बेरीज पुन्हा दोन. चारीतून जितकं आलं, तितकंच दोन फाट्यांत गेलं.

पण चारीची उपमा पुरती खरी नाही, हेही मुलांना सांगायला हवं. चारीत पाणी मुरतं, उन्हानं आटतं. वायरीत तसं होत नाही. दिव्यात जितका करंट शिरतो, तेवढाच बाहेर पडतो. दिवा करंट 'खात' नाही. खर्च होते ती ऊर्जा, आणि आपण बिल भरतो ते तिचंच. एक हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. ही गोष्ट मोठमोठ्यांना ठाऊक नसते. माझ्या घरात तर मी विचारूनच पाहिलं, आमचे हे पंचवीस वर्षं लाइटबिल भरताहेत, तरी म्हणाले, "दिव्यानं करंट वापरला म्हणजे कमीच होणार की."

आता मथळ्यातली गोष्ट. तिच्या कच्च्या कागदांवर मला जागोजागी खोडलेलं दिसलं. खोडण्याआधीची उत्तरं निरखून पाहिली, तर त्यांतली निम्मी बरोबर! मग खोडली का? "उणे आलं मावशी. करंट उणे कसा असेल? चुकलंच असणार." आणि मग ती ताईच्या वहीकडे वळायची.

मी कपाळाला हात लावला. सर्किट सोडवताना सुरुवातीला करंटची दिशा आपण मनानं धरतो, बाण काढतो. बाण उलटा धरला गेला असेल, तर उत्तर उणे येतं. म्हणजे आकडा खरा, फक्त दिशा उलटी. बारा व्होल्टची एक आणि सहा व्होल्टची एक अशा दोन बॅटऱ्या समोरासमोर जोडल्या, प्लसला प्लस, मधे तीन ओहम. सहाच्या बॅटरीतून करंट बाहेर येतो असं धरलंत तर उत्तर येईल उणे दोन अँपिअर. खरं काय होतंय? करंट तिच्यात शिरतोय, ती बॅटरी चार्ज होतेय. लाइट आली की घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत करंट असाच उलटा शिरतो. त्या उण्यामध्ये एवढी माहिती असते, आणि पोर ती रबरानं पुसत होती!

हे नियम ज्याच्या नावावर आहेत तो किरखॉफ नावाचा जर्मन गृहस्थ, त्यानं ते १८४५ साली मांडले तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या प्राध्यापकांच्या वर्गातला अभ्यास म्हणूनच ते लिहिले गेले. म्हणजे गृहपाठच की हो तो! आणि ज्याच्या नावानं आपण ओहम म्हणतो तो ओहम शाळामास्तर. त्याचं पुस्तक १८२७ मध्ये छापलं गेलं, पण सुरुवातीला त्याची कदर झाली नाही. भाचीला हे सांगितलं तर तिला फार बरं वाटलं. चार मार्क मिळालेल्या माणसाला अशा गोष्टी बऱ्या वाटतात.

पुढचा महिनाभर आम्ही काय केलं ते सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार. ताईची वही ताईला परत गेली. रोज दोनच गणितं, पण वही-पुस्तक मिटून. वीस मिनिटं स्वतः झटायचं, अडलं तर पुस्तकातली एकच पुढची ओळ बघायची आणि पुन्हा मिटायचं. पूर्ण पाहिलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं. आकृती दर वेळी नव्यानं काढायची, छापील आकृतीवर पेन्सिल फिरवायची नाही. उत्तर आलं की जमाखर्च बघायचा. बचतगटाच्या वहीत जसा महिन्याअखेरीस मेळ बसतो, तसा सर्किटचाही बसतो. वरच्या गणितात बॅटरीनं दिले बारा गुणिले दोन, चोवीस वॅट. तीन रोधांत गेले सोळा, २.६७ आणि ५.३३. बेरीज चोवीस. मेळ बसला नाही तर उत्तर चूक, सरांनी सांगायची वाट बघायला नको. तिच्या बहुतेक चुका तर मिली आणि किलोच्या निघाल्या. किलोओहमला ओहम समजून भागायचं की हजाराचा घोटाळा. मिठाच्या चमच्याऐवजी वाटी घातल्यासारखं!

बाजारातून दोन पेन्सिल सेल, त्यांचा खोका, टॉर्चचे दोन बल्ब आणि थोडी वायर आणली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग. आधी अंदाज, मग जोडणी. दोन बल्ब एकामागे एक जोडले तर दोन्ही मंद. एक काढला की दुसराही गेला. समांतर जोडले तर दोन्ही लख्ख. एक काढला तरी दुसरा जळतोच. आपल्या घरातलं वायरिंग असं समांतर असतं, म्हणून न्हाणीघरातला दिवा मालवला तरी देवघरातला राहतो. सेलची दोन टोकं मात्र नुसत्या वायरीनं जोडू देऊ नका, वायर तापून चटका बसतो. आणि हे प्रयोग सेलवरच. भिंतीतल्या २३० व्होल्टशी खेळ नाही, मूल कितीही हुशार असो.

एक गंमत मात्र शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या भाऊंनी त्यांच्या सिरीज बोर्डावर स्वतः करून दाखवली. साठ आणि शंभर वॅटचे जुने पिवळे बल्ब एकसर जोडले. कोणता जास्त उजळेल? मी स्वतः शंभर म्हणाले आणि हरले. साठचा जास्त! घरी येऊन भाचीनंच हिशेब मांडला. साठच्या बल्बचा रोध ८८२ ओहम, शंभरचा ५२९. दोघांतून करंट एकच, सुमारे ०.१६ अँपिअर, म्हणून जिथे रोध जास्त तिथे उष्णता जास्त. साठचा घेतो तेवीस वॅट, शंभरचा चौदा. (मंद बल्बची तार कमी तापते, तेव्हा खरे आकडे थोडे निराळे पडतील, हेही तिनंच सांगितलं. मी नुसती मान डोलावली.)

आता तुम्ही म्हणाल, तुमचं बी.एस्सी. झालंय, आम्ही काय करावं? अहो, माझ्या बी.एस्सी.चा उपयोग पहिल्या आठवड्यातच संपला. पुढे मी भाकरी थापताना ती मोठ्यानं समजावून सांगायची आणि मी विचारायची, "हे का? इथे दिशा कोणती धरलीस? एकक काय?" याला डिग्री लागत नाही. सांगताना ती जिथे अडखळायची तिथेच कच्चं असायचं, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

आणखी एक, जरा रागावून लिहिते. संध्याकाळी सात ते साडेआठ हा वेळ माझ्या घरात मुलाला आपोआप मिळत होता आणि भाची मात्र त्या वेळात भाज्या निवडत होती. मीच निवडायला देत होते. म्हणून तिचा अभ्यास रात्री दहाला सुरू व्हायचा आणि थकलेल्या माणसाला उतरवण्यापलीकडे काही सुचत नाही. आता भाज्या मी दुपारी निवडते, नाहीतर आमचे हे निवडतात. मेथी निवडताना देठं फार ठेवतात, पण चालतंय.

मागच्या शनिवारी दाजी बैल घेऊन बाजारात आले होते. काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार तुम्ही ऐकून असाल. सौदा जमला नाही, त्यामुळे घरी आले ते तिरसटूनच. चहा घेता घेता म्हणाले, रात्रीच्या पाळीत एक फेज गेला, मोटार पुन्हा जळाली, भरायला टाकली आहे. भाची स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अण्णा, एक फेज गेला तरी मोटार उरलेल्यांवर चालायला बघते. मग त्यांतला करंट वाढतो. करंट पावणेदोन पट झाला तर उष्णता तिप्पट होते, कारण ती वर्गानं वाढते. म्हणून वायंडिंग जळतं." आणि त्यांच्याच बाजारपावतीच्या पाठीवर तिनं आकडे मांडले. स्टार्टरबरोबर सिंगल फेजिंगचं संरक्षण बसवून घ्या म्हणाली. दाजींनी पावती उलटसुलट करून पाहिली, घडी घालून खिशात ठेवली. "किती पडतं त्याला?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या चाचणीत तिला वीसपैकी बारा आहेत. वार्षिक परीक्षा अजून पुढे आहे आणि फीबद्दल दाजी अजून काही बोललेले नाहीत; बहिणीला मी रोज फोन करते. दोन मार्क या खेपेलाही गेले, मिलीअँपिअरला अँपिअर लिहिलं म्हणून.

हो, एक राहिलंच. प्रयोग झाला की सेल खोक्यातून काढून ठेवा. आमचे आठ दिवस आतच राहिले, ते गळून स्प्रिंगला पांढरा क्षार चढला. लिंबाचा रस लावून जुन्या ब्रशनं घासलं, कोरडं पुसलं, तेव्हा खोका पुन्हा चालू झाला.