झाकण उघडणारी पेटी

दसरा आटोपला की पांढुर्ण्यात आणि सौसरला घरोघरी माळे उतरतात. डबे अंगणात येतात, गाद्या उन्हात पडतात, भिंतींना रंगाचा हात फिरतो. एवढ्या झाडलोटीत ओसरीच्या कोपऱ्यातली चिमण्यांची पेटी मात्र कुणी खाली काढत नाही. लावून वर्षं लोटली तरी तिच्या आत एकदाही कुणी डोकावलेलं नसतं.

पेटी लावायचा उत्साह आपल्याकडे आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्चला जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. पेट्या लावण्याची आवड त्यातूनच लहान गावांपर्यंत आली. गरजही होती. कवेलूची घरं जाऊन स्लॅब पडले, आढ्याच्या खोबणी गेल्या, भिंतीवरच्या फोटोमागची तिरकी जागा गेली. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर 2020 साली जो अहवाल आला, त्यात देशभर चिमणी बऱ्यापैकी टिकून असल्याचं दिसलं. घट दिसली ती मोठ्या महानगरांत. म्हणजे आपल्या गावांत चिमणी अजून आहे. म्हणूनच मी आग्रहाने सांगतो, जी पेटी साफ करणं जमणार नाही, ती लावू नका.

चिमणी जुन्या घरट्यावरच नवं घरटं रचते. दर विणीला गवताचा आणखी एक थर चढतो आणि पिल्लांची गादी भोकाच्या जवळ सरकत जाते. मग पिल्लू उडायच्या आधीच खाली पडतं, नाहीतर मांजराच्या पंजाला सापडतं. जुन्या गवतात पिसवा आणि कोळी दबा धरून बसतात. संत्र्याच्या बागेतला लाल कोळी आपल्या शेतकऱ्यांना चांगला ठाऊक आहे. त्याच जातकुळीतला, पण रक्त पिणारा जीव रात्री पिल्लांच्या उघड्या अंगाला लागतो. पिसं न फुटलेल्या पिल्लाला ते सोसत नाही.

सौसरच्या एका आजींना मी हे सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, "त्यायचं घर होय ते, आपून कायले हात लावाचा?" या भावनेपुढे मी हात जोडतो. चिमणीचं घरटं मोडू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवलं जातं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्याला उपद्रव देणं शिकारीतच धरलं आहे. पण ते नांदतं घरटं. पेटी आपण लावलेली आहे, आणि रिकाम्या पेटीतला कचरा काढणं हे तिच्या मालकाचंच काम आहे.

पेटी रिकामी आहे की नाही, हे मात्र नीट पाहावं लागतं, कारण चिमणीच्या विणीला आपल्याकडे एकच ठरावीक हंगाम नाही. अंडी उबायला साधारण 11 ते 14 दिवस लागतात, पिल्लं उडायला आणखी दोनेक आठवडे. चोचीत अळी घेऊन आई-बाप येताना दिसले, आतून चिवचिव आली, तर दिवाळी गेली तरी चालेल, हात लावायचा नाही. ये-जा थांबून दोन आठवडे झाले की भर दुपारी पेटी उतरवावी. थंडीत चिमण्या रात्री तिच्यात निजायला येतात, म्हणून संध्याकाळी ती काढू नये.

उतरवलेलं घरटं एकदा निरखून पाहाच. बाहेर वाळलेलं गवत, त्यात पोत्याच्या सुतळीचे धागे, आत कोंबडीची पिसं आणि वेचणीच्या दिवसांत उडालेला कापूस. कधी मधोमध एक न उबलेलं अंडं, मळकट पांढरं, करड्या ठिपक्यांचं. कडुलिंबाची पानं सापडली तर नवल वाटू देऊ नका. कोलकात्यातल्या चिमण्या घरट्यात कडुलिंबाची पानं मुद्दाम आणतात, असं सेनगुप्ता यांनी 1981 साली 'एमू' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात मांडलं होतं. त्या पानांनी कीड आवरते, असा त्यांचा कयास होता. धान्याच्या कोठीत आपण कडुलिंबाचा पाला घालतो, तो याचसाठी. आणि पतंगाचा मांजा किंवा नायलॉनचा दोरा दिसला, तर तो ओढून बघा, किती चिवट आहे ते. पिल्लाच्या पायाला तो गुंडाळला की पाय सुजतो आणि पिल्लू घरट्यातच अडकून मरतं. अंगणात पडलेला मांजा उचलून कापून टाकणं हीसुद्धा पेटीचीच देखभाल आहे.

काम अर्ध्या तासाचं आहे. नाकातोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला, घरट्यावर आधी थोडं पाणी शिंपडा म्हणजे वाळकी विष्ठा धुळीसारखी उडणार नाही. सगळं काढून खड्ड्यात पुरा. मग उकळतं पाणी आत ओता, कोपरे जुन्या ब्रशने घासा आणि पेटी कडक उन्हात खडखडीत वाळू द्या. फिनाईल नको, कीटकनाशक तर मुळीच नको. त्याचा अंश लाकडात मुरतो आणि पुढच्या पिल्लांच्या अंगाला लागतो. मडकं असेल तर हीच रीत. पुठ्ठ्याचं खोकं धुता येत नाही, एका पावसाळ्यानंतर ते टाकूनच द्यावं.

परत लावताना पश्चिमेची भिंत टाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा टिनाखालच्या त्या भिंतीवर पिल्लं होरपळतात. उत्तर किंवा पूर्वेकडे तोंड, डोक्यावर सावली, तळाला पाणी निथळायला दोन-चार बारीक छिद्रं. भोक सव्वा इंचाचं ठेवा. साळुंकी त्यातून आत शिरत नाही. भोकाखाली दांडी नको. चिमणीला ती लागत नाही, आणि कावळ्याला मात्र बसायला आयती जागा होते.

आंबिया बहाराची संत्री निघू लागली की जुन्या लाकडी पेट्यांच्या फळ्या कुठे ना कुठे मिळतातच. त्यातल्या जाड फळ्या निवडा आणि खरबरीत बाजू आत घ्या, म्हणजे पिल्लांना वर चढताना नखं रोवता येतात. झाकण खिळ्यांनी ठोकू नका, बिजागरीवर बसवा. विकतची पेटी घेणार असाल, तर दुकानातच तिचं झाकण उघडून बघा. उघडलं नाही, तर पेटी तिथेच ठेवून या.