अवतारालाही प्रायश्चित्त असतं

सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला आणि कोकणानं तो डोक्यावर घेतला. त्याला कुणी सुपरहिरोपट म्हटलं नाही, पण घडण अगदी तीच आहे. मुलगा गमावलेला बाप, खाणवाल्यांपुढे हतबल झालेला गाव, आणि वेष चढवून एकेकाचा हिशेब चुकता करणारा एकटा माणूस. मात्र हा वेष कुणी नव्यानं शिवलेला नाही. तो विष्णूच्या अवतारांचा आहे, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

दिलीप प्रभावळकरांचा बाबुली मेस्त्री हा वयानं थकलेला, नजर मंदावलेला, दशावतार या लोकनाट्याचा कलावंत. त्याच्याविषयी मनात माया दाटते, आणि दाटावीच. पण पडद्यावर अवतार उभा राहिला की थिएटरात शिट्ट्या वाजतात, आणि हा माणूस दुसऱ्याचा जीव घेतो आहे याचा आपल्याला विसर पडतो. महेश मांजरेकरांचा पोलीस अधिकारी तपास करत असतो. आपला निकाल मात्र केव्हाच लागलेला असतो. देव चुकत नाही, मग देवाचा वेष घेतलेला तरी कसा चुकेल?

या शिट्ट्यांमागचा राग खोटा नाही. दोडामार्ग तालुक्यात कळण्याच्या लोकांनी खाणीविरुद्ध दिलेली झुंज ज्यांनी पाहिली, त्यांना हा चित्रपट कल्पनेतला वाटणारच नाही. रायगडच्या किनाऱ्यावरही सातबाऱ्यावरचं नाव कधी बदललं हे घरच्यांना नंतर कळतं, अशी उदाहरणं गावोगाव ऐकायला मिळतात. अशा वेळी कुणीतरी अवतार घ्यावा असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. म्हणूनच तर 'कांतारा' (२०२२), 'हनु-मान' (२०२४), 'लोका' (२०२५) असे एकामागून एक चित्रपट गावातली दैवतं, भुतं आणि यक्षी घेऊन येत आहेत आणि लोक त्यांना उचलून धरत आहेत. मला त्याचा आनंदच आहे. तक्रार वेगळी आहे: आपण दैवताचं बळ उचलतो आणि त्याच्या माथ्यावरचं ओझं मागे ठेवून येतो.

हॉलिवूडनं तरी काय केलं? 'मॅन ऑफ स्टील'मध्ये (२०१३) तेहेतीस वर्षांचा सुपरमॅन चर्चमध्ये पाद्र्यापुढे बसतो आणि त्याच्या पाठीमागे रंगीत काचेवर गेथसेमनीच्या बागेतला येशू दिसतो. प्रतीक इतकं ठळक की आंधळ्यालाही दिसावं. पण त्याच चित्रपटाच्या शेवटी एका कुटुंबाला वाचवण्यासाठी तो खलनायक झॉडची मान मोडतो आणि मग गुडघ्यावर बसून ओरडतो. दिग्दर्शक झॅक स्नायडरवर त्या दृश्यावरून पुष्कळ टीका झाली. मला ती ओरड महत्त्वाची वाटते. वाचवणाऱ्यालाही मारल्याचं काही वाटलं, एवढं तरी त्यात आहे.

आपल्याकडे तर याहून कितीतरी खोल सामग्री आहे, आणि ती पोथीत नाही, रोजच्या वाटेवर आहे. श्रीवर्धन तालुक्यातल्या हरिहरेश्वरला जाणाऱ्याला पुजारी किंवा घरमालक पहिली गोष्ट सांगतो ती दर्शनाच्या क्रमाची. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव. प्रदक्षिणेची वाट दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्यांनी समुद्राकडे उतरते आणि भरती आली की बंद होते. हा काळभैरव म्हणजे क्षेत्राचा राखणदार, दुष्टांना दंड करणारा, सुपरहिरोच म्हणा. पण त्याची कथा काय? ब्रह्मदेवाचा गर्व उतरवायला त्यानं त्याचं पाचवं मस्तक उडवलं, आणि ती कवटी त्याच्या हाताला चिकटून बसली. कारण योग्य होतं, आज्ञा खुद्द शंकराची होती, तरी ब्रह्महत्येचं पातक सुटलं नाही. कवटी हातात घेऊन तो भीक मागत तीर्थोतीर्थी हिंडला. काशीला पोचल्यावर ती गळून पडली.

आणि परशुराम? बापाच्या हत्येचा सूड घेणारा त्याच्यासारखा नायक दुसरा नाही. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली आणि मग सगळी जमीन कश्यपाला दान देऊन टाकली. दिलेल्या जमिनीवर त्याला राहता येईना. म्हणून बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि जी भूमी वर आली ती आपली कोकणपट्टी. आपण हे मोठ्या अभिमानानं सांगतो, परशुरामभूमी म्हणून मिरवतो. पण कथा नीट ऐकली तर तिचा अर्थ अंगावर येतो: इतकं रक्त सांडलेल्या माणसाला, तो साक्षात अवतार असला तरी, जुन्या जमिनीवर जागा उरली नाही. ज्या वाळूवर आपली नारळी-पोफळीची आगरं उभी आहेत ती त्या हद्दपारीतून आलेली आहे.

बाबुलीसारख्या नायकाला या दोन कथांच्या समोर उभं करून पाहा. दशावताराच्या खेळात रात्री विष्णू संकासुराला मारतो तेव्हा दोघांचे वेष एकाच पेटाऱ्यातून निघालेले असतात, आणि पहाटे दहीकाला झाला की तोंडावरचा रंग दोघांनाही धुवावा लागतो. खेळातला वध खेळातच संपतो, ही त्या कलेची शिस्त आहे. रंगमंचाबाहेर कुणी तोच वेष घालून खरा जीव घेतला तर ती शिस्त मोडली. असं का झालं ते मी समजू शकतो, पण मोडली हे म्हणायला हवं. ते म्हटलं की बाबुली लहान होत नाही. उलट तेव्हाच तो काळभैरवाच्या पंगतीला बसतो.

आणखी एक गोष्ट मला छळते. या किनाऱ्याला जुलमाशी लढायला वेष लागलाच होता का? अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांची जमीन कसायचं नाकारलं. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. घरात धान्य नाही, समोर खोताचा दरारा, आणि तरी नांगर धरला नाही. पुढे २१ सप्टेंबर २००८ ला सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमीन द्यायची की नाही यावर पेण भागातल्या बावीस गावांत सरकारनं जनमत घेतलं, तेव्हा माणसं उघड्या चेहऱ्यानं रांगेत उभी राहिली. त्या रांगेत म्हाताऱ्याही होत्या.

यात शिट्टी वाजवण्यासारखं एकही दृश्य नाही, हे मला कळतं. सहा वर्षं पडीक ठेवलेलं शेत कॅमेऱ्यात कसं धरायचं? पण ज्या दिग्दर्शकानं प्रभावळकरांच्या सुरकुत्यांवर इतका विश्वास टाकला, त्याला ते जमेल. चरीवर त्यानं चित्रपट काढला तर अलिबागच्या पहिल्या खेळाला मी पुढच्या रांगेत असेन.