तोतया

पानिपतच्या रणांत १७६१ सालीं सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयीं लोकांच्या मनांत संशय राहून गेल्यामुळें ते केव्हां तरी परत येतील ही आशा कित्येक वर्षें मालवली नाहीं. ह्या आशेच्या बळावर एक तोतया 'मीच भाऊ' म्हणून पुढें आला. त्यास कैदेंत टाकलें, तरी १७७६ सालीं तो सुटला, फौज जमवून त्यानें कोंकणांत धामधूम केली, आणि अखेरीस पकडला जाऊन त्याच वर्षीं पुण्यांत देहान्त शासन पावला. ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ह्या मनुष्यानें आरंभीं एकहि कुलूप फोडलें नाहीं. त्यानें नांव तेवढें दुसऱ्याचें घेतलें. दारें लोकांनीं आपण होऊन उघडलीं.

हल्लीं 'हॅकिंग' हा शब्द उच्चारला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें मध्यरात्रीं यंत्रापुढें बसलेला कोणी विलक्षण बुद्धिमान तरुण उभा राहतो. तशा चोऱ्याहि होतात. २०१८ सालच्या ऑगस्टांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेची संगणक-यंत्रणा भेदून सुमारें ९४ कोटि रुपये लांबविण्यांत आले. त्यांतील बराचसा भाग बनावट कार्डांनीं देशोदेशींच्या एटीएमांतून निघाला. परंतु त्या प्रकारचा बंदोबस्त बँकांनीं करावयाचा. गृहस्थाच्या हातीं त्यांत फारसें नाहीं. घरोघर जी चोरी होते ती बहुतेक तोतयाच्या जातीची होय. तुमचें नांव, तुमचा क्रमांक आणि तुमचा घटकाभरचा भोळेपणा एवढें तिला पुरतें.

२००९ सालीं रॉकयू नामक अमेरिकन कंपनीकडून सुमारें ३ कोटि २० लक्ष संकेतशब्द चोरीस गेले. ते तपासून पाहतां सर्वांत अधिक लोकांनीं पसंत केलेला संकेतशब्द निघाला १२३४५६! आमच्याकडे मुलाची जन्मतारीख किंवा मोटारसायकलीचा क्रमांक घालण्याची चाल आहे, व तोच एक शब्द ईमेलास, बँकेस आणि खेळास चालतो. मग एखाद्या क्षुद्र खेळाच्या कंपनींत चोरी झाली, तरी चोराच्या हातीं बँकेची किल्लीहि पडते. परस्परांशीं संबंध नसलेले चार-पांच मराठी शब्द जोडून केलेला लांब संकेतशब्द स्मरणास सोपा व तर्कास कठीण असतो. प्रत्येक ठिकाणीं तो निराळा असावा. लिहून ठेवावयाचा तर घरच्या कपाटांतील वहींत. मोबाइलांत फोटो काढून नव्हे.

आधारपत्राच्या झेरॉक्स प्रतीविषयीं आमचें मत कांहींसें कडक आहे. सिमकार्डवाला मागतो, लॉजवाला मागतो, क्लासवाला मागतो, आणि आपण पानसुपारी द्यावी तशी ती देतों. कशाकरितां हवी हें मागणारानें सांगितल्यावांचून ती देऊं नये. ह्यांत शाळाहि आल्या. जेथें चालेल तेथें पहिले ८ अंक झांकलेली प्रत द्यावी. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेतां येते. आपल्या नांवावर किती मोबाइल-जोडण्या चालू आहेत हें दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' ह्या स्थळीं दिसतें. न घेतलेली जोडणी तेथें आढळली, तर आपला तोतया कोठें तरी हिंडत आहे असें समजावें.

भाऊंचा तोतया लोकांच्या आशेवर जगला. आजचा बहुधा भीतीवर जगतो. पडद्यावर खाकी वर्दी दिसते, 'तुमच्या नांवच्या पार्सलांत अमली पदार्थ सांपडले' असें दरडावलें जातें, व फोन न ठेवतां घरांतच 'डिजिटल अरेस्ट' मध्यें राहण्याचा हुकूम सुटतो. भारताच्या कायद्यांत अटकेचा असा प्रकारच नाहीं. तसेंच, यूपीआयचा पिन पैसे देण्यास लागतो, स्वीकारण्यास नव्हे. एवढें ज्या आजीस ठाऊक आहे तिला फसविणें सोपें नाहीं. आणि व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलीच्या नांवाअखेर 'एपीके' अशीं अक्षरें असलीं, तर तें आमंत्रण नव्हे.

वरच्या वर्गांतील मुलांस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. 'तुझें बँकखातें महिनाभर वापरूं दे, दोन-चार हजार देतों' असें सांगणारे लोक तरुणांस गांठतात. लुटीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून पुढें सरकतो, व पोलिस प्रथम येतात ते खातेदाराच्या दारीं. लबाडीनें दुसऱ्याचा संकेतशब्द किंवा ओळख वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमान्वयें ३ वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे; मित्राचें खातें गंमत म्हणून उघडणाऱ्यांनींहि तें कलम एकदां वाचावें.

पालकांस मात्र आमची एक निराळी विनंति आहे. फसगत झाली म्हणजे ती लपविण्याकडे आपला कल असतो. मुलगा बापाच्या रागास भितो, बाप शेजाऱ्यांच्या हंसण्यास. चोरास हवा असतो तो हाच वेळ. रक्कम ह्या खात्यांतून त्या खात्यांत जाऊन अखेर रोख निघेपर्यंत जो अवधि जातो, तेवढ्यांत १९३० ह्या क्रमांकावर कळविलें तर ती वाटेंत गोठविली जाण्याचा संभव असतो. दुसऱ्या दिवशीं केलेली तक्रार बहुधा रिकाम्या खात्यापाशीं पोंचते. म्हणून मुलानें येऊन 'बाबा, पैसे गेले' असें म्हटल्यास आधीं फोन हातीं घ्यावा. रागें भरावयाचें तें रात्रीं जेवणें झाल्यावर भरावें.