पूर्ण नाव सांगा

परवाच्या बैठकीत आपल्यातलाच एक शिकलेला दोस्त मला म्हणाला, "तुला खोली मिळत नाही, कारण तुला बोलायची अक्कल नाही. पहिलं नाव सांगायचं, आडनाव गिळायचं. एकदा आत घुसलास की कोण काढतंय?" सगळे हसले. मीपण हसलो. मग रात्रपाळीला साच्यावर उभा राहिलो आणि ते हसू माझ्याच घशात अडकलं. म्हणून हे लिहितोय. कुणाला लागलं तर लागू दे.

तीन महिने झाले, इचलकरंजीत खोली शोधतोय. आख्खं शहर मागावर, सायझिंगवर, सूतगिरणीवर जगतंय. रात्रभर खडखडाट. या शहराला माझे हात चालतात. माझं नाव चालत नाही.

पहिलं घर ऐका. एजंट फोनवर म्हणाला, खोली रिकामीच आहे, या. गेलो. घरमालकीण काकूंनी पाणी दिलं. कुठं कामाला? सूतगिरणीत, रिंग खात्यात. पगार वेळेवर होतो का? होतो. माणसं किती? मी, आई, धाकटी बहीण. इथवरचे सगळे प्रश्न मला मान्य आहेत. घर त्यांचं, भाडं बुडेल ही भीती त्यांची, त्यांनी विचारावं. मग काकू म्हणाल्या, "पूर्ण नाव काय म्हणालात?" सांगितलं. काकू भांडं घेऊन आत गेल्या. बाहेर आले मालक. "ती खोली आमच्या पुतण्याला द्यायची ठरलीय की ओ, हिला ठाऊक नव्हतं." आठ दिवसांनी त्याच गल्लीतून चाललो होतो. दारावर पाटी तशीच, 'खोली भाड्याने देणे आहे'. पुतण्या कुठं गेला बाबा?

दुसऱ्या घरी आडनाव विचारलंच नाही. तिथं विचारलं, "गावाकडं घर नेमकं कुठल्या बाजूला? कुलदैवत कुठलं?" आणि शेवटी, "आमच्यात वशाट चालत नाही हं." माझी आई पटकन म्हणाली, "आम्ही घरात करणार नाही बाई." तिनं असं म्हणावं याची मला जितकी लाज वाटली, तितकी नकाराची वाटली नाही. नकार तर आलाच.

तिसरं घर फ्लॅटचं. मालक गोड माणूस. चहा पाजला. "मी असलं काही मानत नाही, पण सोसायटी ऐकत नाही." म्हणजे जात कुणीच पाळत नाही. हा म्हणतो शेजारी पाळतात, शेजाऱ्याला विचारा तर तो म्हणतो वरच्या मजल्यावरचे पाळतात. वरच्या मजल्यावर कोण आहे? गच्ची आहे आणि पाण्याची टाकी आहे.

तीन घरं झाली. 'जात' हा शब्द एकदासुद्धा कुणाच्या तोंडून आला नाही. गावाकडचा पाटील निदान तोंडावर बोलायचा. शहरातल्या नकाराला तोंडच नाही, आणि आपली सगळी चळवळ तोंड असलेल्या शत्रूशी भांडायला शिकलेली.

आता दोस्ताच्या सल्ल्याकडं येतो. त्याला मी म्हणलं, नाव लपवणं बरोबर नाही. तो म्हणाला, "बाबासाहेबांनी नव्हतं बदललं बडोद्याला?" बदललं होतं. पण गोष्ट अर्धी सांगायची नाही. 1917 साल. अमेरिकेत, लंडनमध्ये शिकून आलेला माणूस, संस्थानाच्या शिष्यवृत्तीचा करार पाळायला बडोद्यात नोकरीवर आलेला. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशांच्या सरायीत पारशी नाव लिहून राहिला. अकराव्या दिवशी डझनभर माणसं काठ्या घेऊन जिना चढली. हा कोण, तू कोण, नाव सांग. संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला लावली. एक हिंदू मित्र होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र होता, तो म्हणाला, बायकोला विचारावं लागेल. मग बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. लपवलेलं नाव अकरा दिवस टिकलं, दोस्ता. तू मला अकरा महिन्यांचा करार करायला सांगतोस. अकरा महिने माझ्या आईनं भिंतीवर फोटो लावायचा नाही, बहिणीनं मैत्रीण घरी आणायची नाही, 14 एप्रिलला निळा झेंडा पिशवीत घालून न्यायचा. याला घर म्हणतात का?

आणि दोस्ताचं स्वतःचं ऐका. त्याचं आडनाव मराठ्यांतही आहे, आपल्यातही. त्याला काही गिळावं लागत नाही. त्यानं फ्लॅट घेतला तेव्हा दारावर आडनावाची पितळी पाटी लावली आणि बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत नेला. मी विचारलं तर म्हणाला, हॉलमध्ये ऊन येतं, फोटो उडतो.

हे आडनावाचं दुखणं गिरणीला नवं नाही. माझा आजा परळला गिरणीत होता. त्याच्याही आधीच्या पिढ्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात पाऊल टाकता येत नव्हतं. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढायला लागायचं आणि महाराच्या तोंडाचा धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार? विणाईत पगार जास्त. आपल्याला रिंग खातं, कमी पगाराचं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला, तेव्हा त्यांना तो संपाच्या आड येणारा वाटला. कामगार सगळे एक, पण धोटा वेगळा.

आणि त्याच कामगाराची चाळसुद्धा वेगळी. बीडीडीच्या 207 चाळी इंग्रज सरकारनं 1920 नंतर बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. 160 चौरस फुटांची खोली, संडास बाहेर. भिंती सरकारच्या, तरी चाळी जातवार पडल्या. ही आपली, ती त्यांची. 1974 च्या जानेवारीत वरळीला पँथरच्या सभेवरून दंगल पेटली तेव्हा दगड याच चाळीवरून त्या चाळीवर पडत होते. 10 जानेवारीच्या मोर्चात वरून टाकलेल्या पाट्यानं भागवत जाधव गेला. एका मिलच्या भोंग्यावर उठणारी माणसं होती ही. आता तिथं टॉवर झालेत. 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्या दिल्या, 500 चौरस फूट प्रत्येकी. लोकांनी शंभर वर्षं खोलीत काढली, त्यांना मिळालं, आनंद आहे. पण मी एकच विचारतो. उद्या त्यातलं एखादं घर भाड्यानं निघालं, तर तिथला मालक काय विचारेल?

मालक म्हणतील, घर माझं, मर्जी माझी. पुष्कळ आंबेडकरी पोरंसुद्धा हे मान्य करतात, म्हणतात खाजगी मालमत्ता आहे, कायदा काय करणार. अरे, कायदा वाचा तरी. 1955 चा अस्पृश्यता कायदा, 1976 साली ज्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं कलम 4 काढा. कुठल्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला, त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं मज्जाव करणं हा गुन्हा आहे. कलम 7 मध्ये बहिष्कार म्हणजे काय ते सांगितलंय, त्यात घर भाड्यानं द्यायला नकार स्पष्ट लिहिलाय. आणि कलम 12 तर सोन्याचं आहे. गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत घडला असेल तर तो अस्पृश्यतेपायीच घडला असं कोर्टानं धरून चालायचं; तसं नाही हे समोरच्यानं सिद्ध करायचं. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिने कैद. दंड मात्र शंभर ते पाचशे रुपये, तेवढ्यात एजंट फोनसुद्धा उचलत नाही. हा दंड वाढवा म्हणून आपण कधी मोर्चा काढला? पुतळ्यासाठी काढतो. काढावाच. पण हा एकदाही नाही.

संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, रस्ते आहेत. घर हा शब्द नाही. पण 1948 च्या नोव्हेंबरात घटनासमितीत बाबासाहेबांना विचारलं, दुकान म्हणजे काय? तेव्हा त्यांनी तो शब्द मोठ्या अर्थानं घेतला, जो कोणी आपली सेवा लोकांना द्यायला बसलाय तो त्यात येतो. 2011 साली सुप्रीम कोर्टानं एका कॉलेजप्रवेशाच्या खटल्यात याच उत्तराचा आधार घेतला. मग दारावर पाटी लावली, एजंट नेमला, डिपॉझिटचा आकडा सांगितला, ते दुकान नाही तर काय देव्हारा आहे?

सोसायटी ऐकत नाही म्हणणाऱ्या गोड मालकाला माझं उत्तर असं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या 2014 च्या आदर्श उपविधींत घर भाड्यानं द्यायला सोसायटीची परवानगी लागतच नाही. आठ दिवस आधी कळवायचं, बस्स. 'एनओसी' म्हणून जो कागद कमिटी मागते तो मालकाच्या सोयीचा आहे. नको असलेला माणूस त्या कागदामागं लपवता येतो. आणि भाडेकरू घर बळकावतो ही भीती जुन्या 1947 च्या भाडेकायद्याच्या दिवसांतली. 1999 च्या कायद्यानं करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची, मुदत संपली की जागा परत. मालकाचं रक्षण करायला कायदा आहे. त्याला माझं आडनाव कशाला पाहिजे? आडनाव भाडं देतं का?

इथं आपल्यातले काही म्हणतात, जाऊ दे ना, आपलीच सोसायटी काढू. 2005 साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या बाबतीत सांगितलंच आहे की सोसायटीला सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवता येतं. मग आपण का नाही? शिवाय 1942 ला नागपुरात फेडरेशननं वेगळ्या वसाहतींचा ठराव केला होता, हे ते पाठ म्हणून दाखवतात. बरोबर आहे. मी या प्रश्नावर बरेच दिवस डोकं खाजवलंय आणि माझं मत सांगतो. बाबासाहेबांनी मागितली ती गावगाड्यातून सुटायची वाट होती. सरकारनं पडीक जमीन द्यावी आणि महारकीच्या जोखडातून बाहेर पडलेल्या माणसानं तिथं शेती करून ताठ राहावं. आज ज्याच्या हातात प्लॉट आहे, बँकेचं कर्ज आहे, तो काढणार सोसायटी. त्याला वाट नाही, गेट पाहिजे. गेटवर वॉचमन बसणार आणि तोही पूर्ण नावच विचारणार.

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या सख्ख्या मामानं वस्तीत तीन मजले चढवले. खाली दुकान, वर चार खोल्या. मागच्या वर्षी एक मातंग कुटुंब आलं, नवरा मागावर कामाला, दोन पोरं. मामा म्हणाला, "खोली भाच्याला द्यायची ठरलीय." भाचा मीच. मला त्यानं कधी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि ते कुटुंब गेल्यावरही विचारलं नाही. मी भांडलो तर म्हणाला, "आपल्यातले नकोत म्हणत नाही रं, पण त्यांच्यातले आले की सगळे येतात." हेच वाक्य आपल्याबद्दल कोण बोलतं? त्या घराच्या दर्शनी भिंतीवर 'जय भीम' कोरलेलं आहे, फरशीत. मामी माझ्याशी तेव्हापासून नीट बोलत नाही.

म्हणून माझं म्हणणं, आडनाव गिळायचं बंद करा आणि नकाराला तोंड फोडा. दिल्लीच्या आसपास सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांची पाहणी केली, 2015 ला छापून आली. घर शोधायला वेगवेगळ्या जातिधर्माच्या नावांची माणसं पाठवली आणि कुणाला काय उत्तर मिळतं ते टिपलं. आपल्याला प्रोफेसर व्हायची गरज नाही. दोघं मिळून जायचं. पहिल्यानं पूर्ण नाव सांगायचं. नकार आला की तासाभरात दुसऱ्यानं फोन करायचा, तीच नोकरी, तोच पगार, तेवढीच माणसं. तारीख, वेळ, एजंट काय म्हणाला, सगळं वहीत. सोसायटीचं कारण आलं तर कमिटीला अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. असे दहा नकार एका वहीत आले की कलम 4 आणि 12 घेऊन पोलीस ठाण्यात जाता येतं. रिकाम्या हातानं गेलो तर साहेब म्हणणार, पुतण्याला दिली असेल.

येत्या रविवारी माझी सुट्टी आहे. सकाळी दहाला पुतण्याच्या घरापासून सुरुवात करणार. वही घेतलीय, दोनशे पानी. नंतरचा फोन माझ्या त्या शिकलेल्या दोस्तानं करावा. त्यानं खोटं काही सांगायचं नाही, आपलं खरं नाव सांगायचं. त्याचं आडनाव चालतं. शेवटी मामाकडं जायचं आहे. तिथं आपल्या बैठकीतल्या मातंग दोस्तानं जिना चढायचा. मी खाली दुकानाशी उभा राहतो.