कोऱ्या कागदावर अंगठा

गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाच्या घरचा कॉम्प्युटर गेला. म्हणजे मशीन जागेवरच आहे, चालू पण होतंय, आत मात्र काही उरलेलं नाही.

नववीतल्या पुतण्याने फुकटातला क्रिकेटचा गेम उतरवला. ज्या व्हिडिओखाली लिंक होती त्यातच सांगितलं होतं, आधी अँटीव्हायरस बंद करा, मग गेम टाका, काही विचारलं तर ‘येस’ म्हणा. पोराने तसंच केलं. तासाभरात दादाच्या खत-बियाणांच्या दुकानाचा तीन वर्षांचा हिशोब, वहिनीच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि आमच्या आईचे शेवटच्या दिवाळीतले फोटो, सगळ्या फायलींची नावं बदलली. एक उघडेना. डेस्कटॉपवर चिठ्ठी, डॉलरमध्ये पैसे भरा, मग किल्ली देतो. बॅकअपची हार्ड डिस्क होती, पण ती कायम मशीनलाच लावलेली. तीही गेली.

दादा पोरावर हात उगारणार होता. मी म्हणालो, "थांब. चूक त्याची आहे, पण पहिली चूक त्याची नाही."

पहिली चूक कुणाची, हे सांगायला ही पोस्ट लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

मी मशीन तपासलं. घरात माणसं चार, अकाउंट एक, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड नाही. आणि ती चौकट, जी स्क्रीन अंधारून ‘या अ‍ॅपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचे का?’ असं विचारते, ती पार बंद करून ठेवलेली. म्हणजे पोरावर ‘येस’ म्हणायची वेळसुद्धा आली नाही. त्याला कुणी विचारलंच नाही!

ज्या दुकानातून मशीन घेतलं तिथे गेलो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका दुकानाचा नाही. तिथला पोरगा सरळ होता. म्हणाला, "सर, ते बंद नाही केलं तर गिऱ्हाईक दर दोन दिवसांनी फोन करतं. येस दाबू का नो दाबू? मग आम्ही आधीच बंद करून देतो. तुमचीच सोय."

सोय! याच सोयीवर माझा राग आहे.

आपल्या मुलखाला ही सोय नवीन नाही. आपल्या पणज्या-खापरपणज्यांनी न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवला आणि जमिनी सावकाराच्या घरात गेल्या. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी उठले, ते सावकाराचे हेच कागद मिळवून जाळायला. पुढे १८७९ चा कायदा आला आणि त्यात असे कागद गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशी सोय केली. त्यामागचा विचार साधा होता. अंगठा उठवण्याआधी माणसाला कळलं पाहिजे, कशावर उठवतोय.

ती चौकट म्हणजे तुमच्या घरच्या मशीनमधला निबंधक आहे. आणि आपण त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवतो.

यात कंपनीचा दोष नाही असं मी म्हणणार नाही. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी प्रत्येक जण मालकाच्याच अधिकाराने बसायचा. व्हिस्टामध्ये ही चौकट आली, पण इतक्या वेळा यायची की लोक वैतागले. २००९ साली विंडोज ७ मध्ये ती कमी केली, किती वेळा विचारायचं ते ठरवणारी पट्टी दिली. तोवर लोकांच्या बोटाला सवय लागून गेली होती. चौकट दिसली की येस. अमेरिकेतल्या सॉल्टझर आणि श्रोडर या दोघांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक माणसाला कामापुरताच अधिकार द्यावा. आपल्याकडे दुकानात मुनीम ठेवला तरी तिजोरीची किल्ली कमरेलाच असते ना? मग नववीतल्या पोराला, आणि त्याने कुठून तरी उतरवलेल्या गेमला, ती किल्ली कशी काय दिली?

आता काही जण म्हणतील, "आमच्या मशीनमध्ये चोरण्यासारखं आहे काय?" दादाही हेच म्हणायचा. चोराला तुमचे फोटो नकोच असतात. ते तुम्हाला हवे असतात, एवढं त्याला पुरतं.

दुसरे म्हणतील, "येस दाबावंच लागतं. प्रिंटरचा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर, त्याशिवाय चालतच नाही." खरं आहे. तिथे जरूर दाबा. ते काम तुम्ही स्वतः काढलेलं असतं, कशासाठी ते माहीत असतं. पण ‘अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना ज्या कागदावर किंवा व्हिडिओत असेल, तो तिथेच बंद करा. मग ती कुणी का दिलेली असेना.

तिसरा आक्षेप जाणकारांचा. "साध्या अकाउंटने सगळं थांबत नाही." बरोबर. फोनवर ओटीपी सांगितला, अनोळखी माणसाला आपली स्क्रीन दाखवली, तर कुठलीच चौकट वाचवणार नाही. तशी फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर टाकू नका. पण दादाच्या घरी काय झालं असतं ते बघा. पुतण्याचं वेगळं, साधं अकाउंट असतं, तर अँटीव्हायरस बंद करायलाच मालकाचा पासवर्ड लागला असता. तरीही काही घुसलं असतं, तर पोराच्या स्वतःच्या फायली गेल्या असत्या आणि लावून ठेवलेली ती डिस्क. दादाच्या अकाउंटमधला हिशोब आणि आईचे फोटो राहिले असते. विंडोज स्वतः ठेवते त्या फायलींच्या जुन्या प्रतीही असे प्रोग्राम आधी पुसतात, आणि त्या पुसायला मालकाचाच अधिकार लागतो.

अर्ध्या तासाचं काम आहे:

१. सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जाऊन एक नवीन अकाउंट करा, प्रकार अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. पक्का पासवर्ड द्या, वहीत लिहा, वही कपाटात. त्यातून एकदा लॉगिन होऊन खात्री करा.

२. मग रोजची अकाउंट्स ‘स्टँडर्ड’ करा. तुमचंही. फायली जागेवरच राहतात. यापुढे चौकट नुसतं येस-नो विचारणार नाही, पासवर्ड मागेल. तेवढ्यात माणूस दोन क्षण थांबतो, तेच हवंय.

३. घरातल्या प्रत्येकाला वेगळं अकाउंट.

४. सर्चमध्ये ‘यूएसी’ टाइप करा. पट्टी अगदी तळाला असेल तर वर घ्या.

५. चौकट आली की स्वतःला एकच प्रश्न, मी आत्ता काही इन्स्टॉल करतोय का? नसेल तर नो. असेल तर प्रोग्रामचं नाव आणि प्रकाशक वाचा. प्रकाशक ‘अननोन’ दिसला तर हात आखडा.

६. बॅकअप घेऊन झाला की डिस्क काढून ठेवा.

आणि दुकानदार मंडळींना हात जोडून सांगतो, तुम्ही आमचेच आहात. मशीन देताना दोन अकाउंट करून द्या, चौकट चालू ठेवा, पाच मिनिटं समजावून सांगा. त्या पाच मिनिटांचे पैसे लावा, आम्ही देऊ. संगणकाचे कोर्स चालवणाऱ्यांनीही टायपिंगच्या आधी हे शिकवावं. लोकांना कळत नाही म्हणून विचारणंच बंद करायचं, हा सावकारी न्याय झाला.

दादाने पैसे भरले नाहीत. हिशोब पावत्यांवरून पुन्हा लिहायला घेतलाय. आईच्या त्या दिवाळीच्या फोटोंपैकी अकरा नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, तेही अंधुक. पुतण्या रोज संध्याकाळी दादाला पावत्या वाचून दाखवतो.

पटलं तर शेअर करा. पण त्याआधी उठा आणि आपल्या घरच्या मशीनवर अकाउंट कुठल्या प्रकारचं आहे, ते बघून या.