हाताने शिकावे, पण शाळा सोडू नये

दिवाळीच्या वा उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृह रिकामे होते, तेव्हा निरोप घेताना पालक हमखास विचारतात, "सर, घरी अभ्यास काय घ्यायचा?" पाठोपाठ एखादी माउली खालच्या आवाजात म्हणते, "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" या स्मरणिकेच्या निमित्ताने या दोन्ही प्रश्नांचे उत्तर द्यावेसे वाटते.

अलीकडे शहरांतील काही सुशिक्षित कुटुंबे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवतात. स्वयंपाकघरात अपूर्णांक, अंगणात भूगोल, खेळता खेळता विज्ञान, अशी त्यांची रीत असते. या रीतीत तथ्य आहे. मूल ऐकून जेवढे शिकते, त्याहून अधिक करून शिकते. आपली मुले वंदनेत रोज 'एहिपस्सिको' म्हणतात. 'ये आणि स्वतः पाहा' हा त्याचा अर्थ. घोकंपट्टी हाच अभ्यास, अशी समजूत आपण करून घेतली असेल, तर ती सोडली पाहिजे.

तथापि इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने प्राथमिक शाळेचा वेळ रोज तीन तासांवर आणला. उरलेल्या वेळात मुलांनी घरी बापाचा व्यवसाय शिकावा, अशी ती योजना होती. कृतीतून शिक्षण हे नाव ऐकायला गोड होते. परंतु चांभाराच्या मुलाने चामडेच हाताळावे, हा तिचा परिणाम झाला असता. पेरियार आदींनी तिला कडाडून विरोध केला आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मागे घेतली. ज्यांचे हात शतकानुशतके जातीने बांधले गेले, त्यांनी 'हाताने शिका' हा उपदेश पारखूनच घेतला पाहिजे.

आपल्यापुढे दुसरा आदर्श आहे. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी भीमरावांचा अभ्यास घरी जातीने घेतला. त्याच भीमरावांना शाळेत वेगळे, गोणपाटावर बसावे लागे. शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे. एवढा अपमान होऊनही रामजींनी मुलाचे नाव शाळेतून काढले नाही. त्यांनी घरी शिकवले आणि शाळेतही पाठवले. आपला मार्ग हाच असावा. सुटीतील घर हे शाळेला पर्याय नव्हे, तर शाळेचे पूरक आहे.

त्यासाठी खर्चाची गरज नाही. पहिला उपक्रम दोरीचा. एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष, असे माप धरावे. दोरीच्या एका टोकाला आजचा दिवस मानून मुलाने स्वतःच्या, आईच्या आणि आजीच्या जन्माची गाठ मारावी. मग १९५६ च्या धम्मदीक्षेची, १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाची आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात भरलेल्या मुलींच्या शाळेची गाठ मारावी. ही शेवटची गाठ एका उंच माणसाएवढ्या अंतरावर येते. सम्राट अशोकापर्यंत जायचे, तर सुमारे २३ मीटर दोरी लागते. ती अंगणाभोवती गुंडाळताना मुलाच्या ध्यानात येईल, की एवढ्या लांब दोरीत शाळेचे दार आपल्याला उघडे झाले, ते अगदी शेवटच्या पुरुषभर लांबीच्या भागात. ते दार आपणहून लावून घेण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

दुसरा उपक्रम राखेचा. ताटात राख किंवा वाळू पसरून बोटाने धम्मलिपी गिरवावी. तिच्यात 'क' म्हणजे अधिकाचे चिन्ह, 'ठ' म्हणजे वर्तुळ. सोपी अक्षरे मूल एका दुपारी शिकते. मग त्याला सांगावे, की कार्ल्याच्या लेण्यात एका सुताराचे नाव याच लिपीत कोरलेले आहे आणि जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. राबणाऱ्या हातांची नावे एके काळी दगडावर आदराने कोरली जात होती.

तिसरा उपक्रम काठीचा. मे महिन्यात महाराष्ट्रात गावागणिक वेगळ्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी बारा ते पाऊणच्या दरम्यान सरळ रोवलेल्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. मुलाने रोज सावली मोजावी, आपल्या गावची तारीख टिपून ठेवावी आणि शाळा उघडल्यावर मित्रांच्या तारखांशी ताडून पाहावी. दक्षिणेकडील गावी ती आधी आणि उत्तरेकडे नंतर का येते, या प्रश्नातून खगोलशास्त्र सुरू होते.

चौथा उपक्रम स्वतःला अडाणी म्हणणाऱ्या मातांचा. चार शेरांची एक पायली, हे त्यांना मुखोद्गत असते. शेरभर ज्वारी आणि शेरभर तांदूळ यांचे वजन सारखे भरते का, हे मुलाला तोलून पाहू द्यावे. आपल्या आजी-आजोबांची मजुरी मापाने मिळत असे आणि माप न कळणाऱ्याची फसवणूक होत असे, हेही सांगावे. या तासाला आईच शिक्षिका आहे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. शिकण्याच्या नावाखाली मुलाला वीटभट्टीवर वा परक्याच्या बांधावर राबायला नेऊ नये. खेळ आणि राबणूक यांतील फरक ओळखणे सोपे आहे. ज्या कामात मुलाला 'का?' असे विचारायला सवड आहे आणि नको वाटल्यास ते खाली ठेवता येते, ते शिक्षण. बाकी सारी वेठ.

येत्या सुटीत प्रत्येक मुलाने गाठी मारलेली आपली दोरी घेऊन परत यावे, एवढीच पालकांना विनंती. त्या साऱ्या दोऱ्या आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावू.