विश्लेषण : ‘तुला कुठे मुलंबाळं आहेत?’ रजेत पालकांना अग्रक्रम देणे न्याय्य आहे का?

दिवाळी दीड-दोन महिन्यांवर आली की कार्यालयांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. आठ जणांच्या विभागातून एका वेळी दोघांनाच रजा देता येते आणि अर्ज येतात पाच. वरिष्ठ यादीवर नजर फिरवतात आणि ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत, त्यांची नावे आधी पक्की होतात. उरलेल्यांना सांगितले जाते, ‘तू एकटाच आहेस, जरा अ‍ॅडजस्ट कर.’ रुग्णालयांचे ड्युटी चार्ट, कॉल सेंटर, आयटी कंपन्यांचा रात्रीचा सपोर्ट, वृत्तपत्रांची कार्यालये. जिथे सणालाही काम थांबत नाही, तिथे हे वाक्य हमखास ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण सलग तिसऱ्या लक्ष्मीपूजनाला ड्युटी लागलेल्या माणसाला ते चांगलेच झोंबते.

पालकांची गरज किती खरी?

पूर्णपणे खरी. शाळेचे वेळापत्रक पालकांच्या हातात नसते. राज्यातील शाळांची उन्हाळी सुट्टी मे महिन्यात सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत चालते. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा उघडतात. आई-वडील दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी आणि आठ-नऊ वर्षांचे मूल घरी, अशा घरात रजा ही चैन नसते. शिवाय हा भार अजूनही मुख्यतः आईच्याच अंगावर पडतो. तिने रजा मागितली की ‘हिचे नेहमीचेच’ हा शेराही तिलाच मिळतो. वडिलांनी त्याच कारणासाठी रजा मागितली तर ‘बायको नाही का घरी?’ असे विचारले जाते.

मात्र या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. उन्हाळी सुट्टी पाच-सहा आठवड्यांची असते. पालकाला त्यातले काही दिवस हवे असतात आणि ते नेमके कोणते, याला थोडीफार मोकळीक असते. त्या काळात पालकांना आधी निवड करू दिली, तर मूल नसलेल्या सहकाऱ्याचे फारसे बिघडत नाही. शाळा सुरू झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर फिरायला जाणे उलट त्याच्या खिशालाही बरे पडते.

लक्ष्मीपूजन, भाऊबीज किंवा गणेश चतुर्थीचे तसे नाही. तो दिवस सर्वांचा एकच असतो. सत्तरीच्या आईला दिवाळीला मुलगा घरी हवा असतो आणि त्या मुलाला स्वतःचे मूल आहे की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नसतो. शाळेला सुट्टी ही अडचण आहे, सणाला घरी असणे ही इच्छा आहे. पालकांच्या इच्छेचे वजन इतरांच्या इच्छेपेक्षा जास्त का धरायचे, याचे पटणारे उत्तर कोणी देत नाही.

मूल नाही म्हणजे जबाबदारी नाही?

अनेक घरांत आई-वडिलांच्या आजारपणाची जबाबदारी नेमकी लग्न न झालेल्या भावंडावर येऊन पडते. ‘तुझ्यामागे व्याप नाही’ हे वाक्य त्याने कार्यालयाआधी घरीच ऐकलेले असते. वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा ठरलेल्या दिवशी असते आणि ते शाळेच्या वेळापत्रकापेक्षाही कमी लवचीक असते. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रीच्या तारखा तर तिच्याही हाती नसतात, आणि रजेचे खरे कारण कार्यालयात सांगण्याची तिची तयारी नसते. तिला ‘तुला कुठे मुलंबाळं आहेत?’ असे ऐकावे लागते तेव्हा काय होते, हे वेगळे सांगायला नको.

‘ज्याचे कारण मोठे, त्याला रजा’ हा नियम वरवर न्यायाचा वाटतो, पण येथेच तो फसतो. मूल हे चारचौघांत सहज सांगता येणारे कारण आहे. मानसिक आजार, घटस्फोटाचा दावा, भावाचे व्यसन ही कारणे सांगता येत नाहीत. म्हणजे न्याय गरजेला मिळत नाही, सांगता येणाऱ्या गरजेला मिळतो.

रजा मिळते की नाही, याइतकेच ती कधी मंजूर होते यालाही महत्त्व आहे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते आणि गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांची तिकिटे बघता बघता संपतात. ‘पालकांचे नक्की होऊ दे, मग तुझे बघू’ असे म्हणत चतुर्थीच्या आठवडाभर आधी मंजूर केलेली रजा चाकरमान्याच्या काही कामाची नसते. कागदावर मात्र ती ‘मंजूर’ दिसते.

कायदा काय सांगतो?

आधी कोणाला, या प्रश्नावर जवळजवळ काहीच नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्णपणे लागू होतो. त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा, २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ४५ दिवसांपर्यंत साठवण्याची मुभा आणि ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या आहेत. किती रजा, हे कायदा सांगतो. दोघांनी एकच दिवस मागितला तर काय, हे मालकावर सोडले आहे. सरकारी नोकरीत तर रजा हक्क म्हणून मागता येत नाही, असे नियमातच लिहिले आहे.

बालसंगोपन रजा ही वेगळी तरतूद आहे. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २००८ पासून अठरा वर्षांखालील दोन मुलांसाठी संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंत ही रजा घेता येते. पुढे एकल पुरुष पालकांचाही त्यात समावेश झाला. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची अशी रजा लागू केली. ही रजा कोणा सहकाऱ्याच्या खात्यातून वजा होत नाही, त्यामुळे तिच्यावर डोळा ठेवण्याचे कारण नाही. कुरबुर होते ती वेगळ्या ठिकाणी. रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या जागी बदली माणूस मिळत नाही आणि तिच्या टेबलावरच्या फायली शेजारच्या टेबलावर सरकतात.

वृद्ध आई-वडिलांबाबत कायद्याची भूमिका तर विचित्र आहे. त्यांच्या चरितार्थाची जबाबदारी २००७ च्या कायद्याने मुलांवर टाकली, पण त्यासाठी रजेचे वेगळे खाते दिले नाही. जुलै २०२५ मध्ये संसदेत याविषयी विचारणा झाली, तेव्हा ३० दिवसांची अर्जित, २० दिवसांची अर्धपगारी, ८ दिवसांची नैमित्तिक आणि दोन दिवसांची वैकल्पिक रजा आहेच, ती आई-वडिलांच्या देखभालीसाठीही वापरता येते, असे उत्तर केंद्राकडून मिळाले. आसामने २०२४ मध्ये आई-वडिलांसोबत किंवा सासू-सासऱ्यांसोबत राहण्यासाठी दोन दिवसांची विशेष रजा जाहीर केली. ज्यांचे आई-वडील किंवा सासू-सासरे हयात नाहीत, त्यांना ती नव्हती. हेतू चांगला होता, पण वगळलेल्यांची यादी तेवढी बदलली.

इतर देशांनी काय केले?

जर्मनीच्या रजा कायद्यानुसार मालकाने कर्मचाऱ्याची पसंती मानायची असते. दोघांच्या तारखा एकमेकांवर आल्या तर ‘सामाजिक कारणे’ पाहायची असतात. शाळांच्या सुट्टीत शाळकरी मुलांच्या पालकांना झुकते माप मिळते ते यामुळे. फ्रान्सचा कामगार कायदा निकषांची यादीच देतो. जोडीदाराला रजा कधी मिळते, घरात अपंग मूल किंवा प्रौढ व्यक्ती आहे का, परावलंबी झालेले वृद्ध आहेत का, नोकरीला किती वर्षे झाली, हे सारे त्यात येते. काळजीची व्याख्या पाळण्यापाशी न थांबल्यामुळे ही यादी अधिक शहाणपणाची वाटते.

ब्रिटनचा अनुभव वेगळ्या कारणाने बघण्यासारखा आहे. कामाच्या वेळा बदलून मागण्याचा अधिकार तिथे २००३ मध्ये प्रामुख्याने लहान मुलांच्या पालकांना मिळाला, नंतर घरातील प्रौढांची शुश्रूषा करणाऱ्यांना आणि २०१४ मध्ये कारण काहीही असो, सर्व कर्मचाऱ्यांना. एप्रिल २०२४ पासून शुश्रूषेसाठी वर्षाला एक आठवड्याची बिनपगारी रजाही तिथे आहे. पालकांचे काही काढून न घेता बाकीच्यांना त्यात सामावून घेतले गेले.

मग कार्यालयाने काय करावे?

मुळात दोन सहकाऱ्यांमध्ये हे भांडण लागतेच का, हे आधी पाहायला हवे. आठ जणांचे काम आठच माणसांवर चालवले, तर प्रत्येक रजा कोणाच्या तरी डोक्यावर पडणार. सणाच्या आठवड्यासाठी जादा माणूस घेणे, ड्युटी करणाऱ्याला दुप्पट मोबदला किंवा हव्या त्या दिवशी बदली सुट्टी देणे, हा खर्च आस्थापनेचा आहे. तो टाळून वरिष्ठ ‘समजून घे’ म्हणतात, तेव्हा आस्थापनेचा पैसा सहकाऱ्याच्या दिवाळीतून वाचवला जात असतो. दुप्पट मोबदला असेल तर काही जण लक्ष्मीपूजनाला स्वतःहून उभे राहतात, हेही विसरू नये.

उरलेल्या दिवसांसाठी पाळीची पद्धत सर्वांत कमी वाईट आहे. गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाला कोण कामावर होते, याची साधी नोंद ठेवायची आणि यंदा त्यांना आधी विचारायचे. मुले, लग्न, गाव काहीही न विचारता. आजारपण आणि मृत्यू या यादीच्या बाहेर ठेवायचे. उन्हाळी सुट्टीत पालकांना आधी निवड द्यायची, पण त्या बदल्यात वर्षातला दुसरा एखादा काळ इतरांसाठी राखायचा. अर्जांचा निकाल तिकिटांचे आरक्षण उघडण्याआधी लावायचा.

अडचण एवढीच, की कोणाची किती रजा शिल्लक आहे हे एचआरचे अ‍ॅप क्षणात दाखवते, पण गेल्या तीन दिवाळ्यांना ड्युटीवर कोण होते हे बहुतेक ठिकाणी कुठेच लिहिलेले नसते. वरिष्ठ बदलला की ती नोंद फक्त ड्युटी केलेल्याच्या डोक्यात उरते. आणि तो बोलला, तर त्याला मुले आवडत नाहीत असा अर्थ काढला जातो.